तपासणीच्या टेबलावरचा न्याय

तालुक्याच्या गावातले ग्रामीण रुग्णालय. रात्रीचे अकरा वाजून गेलेले. अपघात विभागाच्या बाकावर एक मुलगी आईच्या पदराला धरून बसलेली, शेजारी महिला शिपाई आणि तिच्या हातात पोलीस ठाण्याचे पत्र. ड्युटीवर एकच वैद्यकीय अधिकारी. नुकताच सर्पदंशाचा रुग्ण पाहून तो हात धुतो आहे. काही तासांनी त्याच टेबलाजवळ, त्याच डॉक्टरसमोर आणखी एकाला उभे केले जाईल. त्याच्या हाताला दोर किंवा बेडी असेल, दोन्ही बाजूंना पोलीस असतील आणि कागदावर त्याच्या नावामागे ‘आरोपी’ असे लिहिलेले असेल. राज्यातल्या कोणत्याही सरकारी रुग्णालयात काम केलेल्या डॉक्टरला हे दृश्य नवे नाही.

गुन्हा आणि शिक्षा यांची चर्चा सुरू झाली की पोलीस, वकील, न्यायाधीश आणि फाशीचा दोर आठवतात. रुग्णालय कुणाला आठवत नाही. प्रत्यक्षात लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात पीडित आणि आरोपी या दोघांनाही पाहणारी, दोघांशीही बोलणारी आणि कोणत्याही पक्षाची नसलेली पहिली व्यक्ती बहुतेक वेळा डॉक्टरच असते. त्या रात्री चार पानी अर्जात तो जे लिहितो ते पुढची दहा-पंधरा वर्षे कोर्टात वाचले जाते. तो पान चुकीचे भरेल तर ती चूक पुसायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागते, आणि तिथेही ती पुसली जाईलच असे नाही.

देसाईगंजचा धडा

महाराष्ट्राला हे वेगळे सांगायला नको. २६ मार्च १९७२च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका गरीब आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर झाला. न्यायालयीन नोंदीत ती मथुरा या नावाने ओळखली जाते. तिची वैद्यकीय तपासणी दुसऱ्या दिवशी रात्री झाली. डॉक्टरांनी नोंदवले की अंगावर जखमा नाहीत, योनिपटल पूर्वीच फाटलेले आहे, दोन बोटे सहज जातात आणि वय चौदा ते सोळाच्या दरम्यान असावे.

ही निरीक्षणे जणू त्या मुलीच्या स्वभावाचा दाखलाच ठरली. १९७४मध्ये सत्र न्यायालयाने ती शरीरसंबंधांना सरावलेली असल्याचे मानून दोघांना सोडले. १९७६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, हा फरक त्या निकालाने केला. पण सप्टेंबर १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दोघांना निर्दोष ठरवले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार झाला नाही आणि प्रतिकार नाही म्हणजे संमती असावी, अशी त्या निकालाची चाल होती. १९७९मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात स्त्रीने ‘माझी संमती नव्हती’ असे सांगितले तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, ही तरतूद तेव्हा आली.

या प्रकरणाची कायदेशीर बाजू अनेकदा सांगितली गेली. वैद्यकीय बाजू मात्र मागे राहिली. त्या अहवालातील दोन गोष्टींवर, म्हणजे ‘दोन बोटे’ आणि ‘जखमा नाहीत’ यांवर, खटला फिरला. विज्ञानाच्या कसोटीवर या दोन्ही गोष्टींतून जो निष्कर्ष काढला गेला तो निघतच नाही.

दोन बोटांनी काय कळते?

उत्तर एका शब्दात देता येते: काहीही नाही. योनिमार्ग हा स्नायूंचा लवचीक मार्ग आहे. तो किती सैल किंवा घट्ट वाटतो हे वय, शरीराची ठेवण, तपासणीच्या वेळची भीती, स्नायूंचा ताण आणि तपासणाऱ्याच्या बोटांची जाडी यांवर ठरते. योनिपटल प्रत्येक मुलीत वेगळे असते. कुणात ते जेमतेम असते, कुणात ते शरीरसंबंधानंतरही तसेच राहते, तर कुणात त्याला इतर कारणांनी इजा झालेली असते. शरीरसंबंध पूर्वी आला होता की नाही हे ओळखणारी कोणतीही शारीरिक चाचणी अस्तित्वात नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांनी ऑक्टोबर २०१८मध्ये एकत्रितपणे हेच सांगितले आणि कौमार्य चाचणी बंद करण्याचे आवाहन केले.

आणि समजा, पूर्वीचा शरीरसंबंध ओळखता आला असता, तरी त्याचा त्या रात्रीच्या घटनेशी काय संबंध? विवाहित स्त्रीच्या घरी चोरी झाली तर ‘पूर्वी कुणाला काही दिले होते का’ असे कुणी विचारत नाही. अत्याचाराच्या बाबतीत मात्र हा प्रश्न शतकभर वैद्यकशास्त्राच्या पुस्तकातून विचारला गेला.

तो बंद करण्याच्या लढाईत विदर्भाचा वाटा मोठा आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१०मध्ये अशा तपासण्यांच्या दर्जावर सविस्तर अहवाल तयार केला. त्याच वर्षी नागपूरच्या डॉ. रंजना पारधी यांच्यासह काहींनी नागपूर खंडपीठात जनहित याचिका केली. मुंबईत ‘सेहत’ ही संस्था २००८पासून महापालिकेच्या रुग्णालयांबरोबर तपासणीची नवी, माणुसकीची पद्धत बसवत होती. जानेवारी २०१३मध्ये न्या. वर्मा समितीने या चाचणीवर कडक टीका केली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती स्त्रीच्या खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग असल्याचे सांगितले आणि २०१४मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनी ती मोडीत काढली.

तरीही ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा खडसवावे लागले की यापुढे ही चाचणी करणारी व्यक्ती गैरवर्तनाची दोषी ठरेल आणि वैद्यकीय अभ्यासक्रमातूनही ती काढली जावी. एकच गोष्ट नऊ वर्षांत दोनदा का सांगावी लागते? कारण परिपत्रक मंत्रालयातून निघते, पण हात शिकतात ते पाठ्यपुस्तकातून आणि सीनियरकडून. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९मध्ये ‘कौमार्याची लक्षणे’ हा भाग न्यायवैद्यकाच्या अभ्यासक्रमातून वगळला, हे त्यामुळेच महत्त्वाचे पाऊल. पण २०२४मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या सुधारित अभ्यासक्रमात असलेच जुने विषय पुन्हा डोकावले आणि टीका झाल्यावर तो मागे घ्यावा लागला. जुनी सवय किती चिवट असते याचा हा ताजा पुरावा.

ओरडली का नाही?

दुसरा मुद्दा जखमांचा. समाजात आणि कोर्टातही एक चित्र ठाम बसले आहे: खरी पीडित ओरडते, झटापट करते, ओरबाडते आणि तिच्या अंगावर खुणा असतात. वैद्यकीय अनुभव वेगळा आहे. केंद्राच्या २०१४च्या सूचनांतही नमूद आहे की लैंगिक हिंसेच्या साधारण एक तृतीयांश घटनांतच दिसण्यासारख्या जखमा आढळतात. म्हणजे जखम नसणे हा अपवाद नाही, तोच बहुतेकींचा अनुभव आहे.

याचे एक कारण धाक आणि धमकी. दुसरे कारण मज्जासंस्थेत आहे. जिवावरचे संकट आले की शरीर लढते किंवा पळते हे सर्वांना ठाऊक आहे. पण तिसरीही एक प्रतिक्रिया असते, ती म्हणजे गोठून जाणे. हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही, शुद्ध मात्र असते. स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या एका तातडीच्या उपचार केंद्रात आलेल्या २९८ बलात्कारपीडित स्त्रियांचा अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ७० टक्के स्त्रियांनी घटनेच्या वेळी शरीर लक्षणीयरीत्या गोठल्याचे सांगितले, तर ४८ टक्क्यांत ही अवस्था अत्यंत तीव्र होती. अशा स्त्रियांमध्ये पुढे आघातोत्तर मानसिक विकार आणि तीव्र नैराश्य यांचे प्रमाणही अधिक आढळले. ‘प्रतिकार का केला नाही’ हा प्रश्न म्हणजे बेशुद्ध पडलेल्या माणसाला ‘पळाला का नाहीस’ असे विचारण्यासारखा आहे. पण तिच्यावर त्याचा परिणाम अधिक खोल होतो, कारण तोच प्रश्न ती स्वतःलाही विचारत असते.

म्हणूनच ‘बलात्काराचा पुरावा आढळला नाही’ असे एका ओळीत लिहून मोकळे होणे ही वैद्यकीय चूक आहे. बलात्कार हे निदान नव्हे; तो कायद्याचा निष्कर्ष आहे आणि तो काढणे न्यायालयाचे काम आहे. डॉक्टरने काय दिसले, काय दिसले नाही आणि न दिसण्याची कारणे कोणती असू शकतात, एवढे लिहायचे असते. मध्ये किती तास गेले, अंघोळ झाली का, कपडे धुतले का, निरोध वापरला गेला का, धमकी होती का, हे लिहिले की तोच कोरा वाटणारा अहवाल बोलू लागतो.

आधी रुग्ण, मग साक्षीदार

पोलिसांच्या पत्रासोबत आलेली मुलगी ‘केस’ म्हणून येते. पण घड्याळ पुराव्यासाठी चालते तसेच तिच्या शरीरासाठीही चालत असते. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. गर्भधारणा टाळण्याची गोळी जितकी लवकर तितकी प्रभावी. तीन दिवसांत उत्तम, फार तर पाच दिवसांपर्यंत. धनुर्वात, कावीळ ब आणि इतर संसर्गांसाठी उपचार वेगळे. वीर्याचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत मिळू शकतात. पत्र कुणाच्या सहीचे, हद्द कुणाची, महिला डॉक्टर कधी येणार या घोळात सहा-आठ तास गेले, तर पुरावा जातो आणि उपचारही.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने पीडितेवर तातडीने आणि मोफत उपचार केले पाहिजेत. आधी गुन्हा नोंदवून या, असे सांगता येत नाही. उपचार नाकारणे हा २०१३पासून गुन्हा आहे आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, ही तरतूद कायम आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने डॉक्टरने अहवाल सात दिवसांच्या आत तपास अधिकाऱ्याकडे पाठवावा, असे बंधन घातले आहे. तपासणीसाठी तिची संमती हवी. तपासणीचा कोणताही एक भाग ती नाकारू शकते आणि नकार दिला म्हणून उपचार थांबवता येत नाहीत. तपासणीच्या खोलीत पोलिसांनी थांबायचे नाही.

हे सगळे कागदावर आहे. प्रत्यक्षात किती ठिकाणी पडद्यापलीकडे खुर्ची, पाणी, बदलायला कपडे आणि हलक्या आवाजात ‘तुझी काही चूक नाही’ म्हणणारे माणूस असते? मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र २००० साली सुरू झाले, तेव्हा रुग्णालयातच समुपदेशन ही कल्पना देशात नवी होती. पुढे ती इतर राज्यांतही गेली. पण मुंबईच्या उपनगरातून निघालेली ही सोय गडचिरोली, नंदुरबारच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत त्याच दर्जाने पोहोचणे अजून बाकी आहे.

आरोपीलाही शरीर असते

आता टेबलाजवळ उभ्या केलेल्या दुसऱ्या माणसाकडे. त्याच्याविषयी सहानुभूती वाटत नाही, हे स्वाभाविक आहे. पण डॉक्टरचे काम सहानुभूतीवर चालत नाही. तो अजून आरोपी आहे, गुन्हेगार नाही. अहवाल खरा असेल तरच तो दोषी असल्यास अडकेल आणि निर्दोष असल्यास सुटेल.

जी अशास्त्रीय वृत्ती तिच्यावर दोन बोटांची चाचणी करत होती, तीच त्याच्यावर ‘पुरुषत्व चाचणी’ करत आली. पोलीस दाराबाहेर उभे असताना, घाबरलेल्या माणसाच्या शरीराने काय प्रतिसाद दिला यावरून तो सक्षम की अक्षम हे ठरवायचे! यातून त्या घटनेविषयी काहीही सिद्ध होत नाही. शिवाय २०१३नंतर बलात्काराची व्याख्या इतकी रुंदावली आहे की अनेक कृत्यांसाठी ही क्षमता लागतच नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३मध्ये दोन बोटांच्या चाचणीबरोबर ही जुनाट पुरुषत्व चाचणीही थांबवण्यास सांगितले, ते म्हणूनच योग्य होते. आरोपीच्या तपासणीत उपयोगी असते ते वेगळेच: नखांखालचे अंश, ओरखडे, कपडे, रक्ताचा नमुना आणि डीएनए.

विज्ञानाच्या नावाखाली भलतेच काही खपवले जाऊ शकते, याचा अनुभव पुण्याने घेतला आहे. २००८मध्ये एका खून खटल्यात सत्र न्यायालयाने मेंदूतील विद्युत्‌लहरी टिपणाऱ्या चाचणीचा आधार घेऊन आरोपीला दोषी ठरवले, तेव्हा जगभरच्या मेंदूतज्ज्ञांनी भुवया उंचावल्या. २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूचाचणी कुणावरही सक्तीने करता येणार नाही, असा निर्णय दिला. टीव्हीवर आजही दर मोठ्या गुन्ह्यानंतर ‘नार्को करा’ अशी मागणी होते, तेव्हा हा निकाल कुणाला आठवत नाही.

आणखी एक जबाबदारी. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये अटकेतील व्यक्तीची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली. पाठीवर वळ असतील तर डॉक्टरने ते लिहायचे असतात. दाराबाहेरच्या पोलिसाकडे पाहून ‘ताज्या जखमा नाहीत’ असा शेरा मारणारा डॉक्टर आणि दोन बोटांनी चारित्र्य मोजणारा डॉक्टर एकाच जातकुळीचे. दोघेही डोळ्यांना दिसते ते न लिहिता लोकांना हवे ते लिहितात.

गर्दीला काय हवे असते?

६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ पशुवैद्यक तरुणीच्या हत्येतील चार आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. पोलिसांवर फुले उधळली गेली. पुढे महाराष्ट्रातलेच निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या आयोगाने गोळीबार ठार मारण्याच्याच हेतूने झाल्याचा आणि चौघांपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन असल्याचा निष्कर्ष काढला. बदलापुरात ऑगस्ट २०२४मध्ये चिमुकल्यांच्या पालकांना तक्रार नोंदवण्यासाठी ताटकळत बसावे लागले. लोक रुळांवर उतरले आणि सुमारे महिन्याभराने आरोपी पोलीस व्हॅनमध्ये गोळी लागून मेला. दोन्हीकडे खटला उभा राहिलाच नाही. पुरावा तपासला गेला नाही आणि खरे काय घडले हे न्यायालयात सिद्ध होण्याची वाट कायमची बंद झाली. तक्रार घ्यायला उशीर का झाला, हा मूळ प्रश्न फुलांच्या सड्याखाली गेला.

गर्दीला अनोळखी राक्षस हवा असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे वर्षानुवर्षे सांगतात की बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो: शेजारी, नातेवाईक, शिक्षक, मित्र. काकाला किंवा मावसभावाला थेट फासावर चढवण्याच्या घोषणा ऐकू येत असतील, तर आई मुलीला घेऊन पोलीस ठाण्यात जाईल की तिचे तोंड दाबेल? आणि २०२२मध्ये ज्या खटल्यांचे निकाल लागले त्यांत शिक्षेचे प्रमाण २७ टक्क्यांच्या आसपास होते. शिक्षा अधिक कडक करून हा आकडा वाढत नाही. तो वाढतो चांगल्या तपासाने, वेळेत घेतलेल्या नमुन्यांनी, नीट लिहिलेल्या अहवालाने आणि साक्षीपर्यंत टिकून राहिलेल्या पीडितेच्या मनोबलाने.

समाजाची गंमत अशी की जो आरोपीला चौकात लटकवा म्हणतो, तोच संध्याकाळी पारावर ‘पण ती इतक्या रात्री तिथे करत काय होती?’ असेही विचारतो. दोन्ही वाक्ये एकाच मनातून येतात. दोन्हींत माणूस कोण आहे हे आधी ठरवले जाते आणि पुरावा नंतर शोधला जातो.

साधे, पण करण्यासारखे

यावर उपाय अवघड तंत्रज्ञानाचे नाहीत. प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात २०१४च्या सूचनांनुसारचा अर्ज, नमुना संच आणि वेगळी खोली असावी. इंटर्नशिपमध्येच प्रत्येक डॉक्टरने अशी तपासणी आणि कोर्टातील साक्ष तज्ज्ञांच्या देखरेखीखाली शिकावी. जिल्हा शल्यचिकित्सकांनी दर तीन महिन्यांनी काही अहवाल, नावे झाकून, तपासावेत. कुठे ‘दोन बोटे’ किंवा ‘सवय’ हे शब्द दिसले तर त्या डॉक्टरला बोलावून समजावावे. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत नमुने महिनोन्‌महिने पडून राहू नयेत. आणि रात्रपाळीच्या त्या एकट्या डॉक्टरला कायदा काय सांगतो हे विचारण्यासाठी चोवीस तास एक फोन नंबर असावा. यातल्या एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही.

देसाईगंजच्या त्या मुलीची तपासणी झाली, त्याला पन्नासहून अधिक वर्षे लोटली. तिच्या अहवालात जे लिहिले गेले, ते आज लिहिले गेले तर तो गैरवर्तनाचा प्रकार ठरेल. एवढी मजल देशाने मारली आहे. पण आज रात्री अकरा वाजता बाकावर बसलेल्या मुलीला सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ठाऊक नसतात. तिच्यासाठी न्यायव्यवस्था म्हणजे पडदा ओढून घेणारा, स्वतःचे नाव सांगणारा आणि हात लावण्याआधी ‘चालेल का?’ असे विचारणारा डॉक्टर. काही तासांनी बेडीतल्या माणसाचा शर्ट वर करून त्याची पाठ नीट पाहणाराही तोच असतो. त्याने दोन्ही वेळा दिसेल तेवढेच आणि तसेच लिहिले, तर पुढच्या सगळ्या पायऱ्यांना निदान भक्कम जमीन मिळेल.